छाती धरते का?

आजोबा गिरणीत होते, एवढंच आमच्या घरात सांगितलं जायचं. लालबागला आमच्या चाळीतल्या निम्म्या बिऱ्हाडांमधले पुरुष गिरणीत होते, त्यामुळे त्यापुढे काही सांगण्यासारखं आहे असं कुणाला वाटत नसे. मला आठवतात ते गॅलरीतल्या लाकडी खुर्चीवर बसलेले आजोबा. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे वर उचललेले, आणि प्रत्येक श्वास खोल विहिरीतून ओढून काढावा तसा. मी सातवीत असताना ते गेले. डॉक्टर म्हणाले दमा, नातेवाईक म्हणाले बिडी. आजी काहीच म्हणाली नाही.

बिडी त्यांनी थोरल्या आत्याच्या लग्नाच्या साली सोडली होती, ती कायमची. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तरी दोष बिडीचाच राहिला.

पुढे रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर मी इंडस्ट्रियल हायजीनच्या एम.एस्सी.ला प्रवेश घेतला, तोही गुजरातमध्ये, घरापासून लांब. आत्याला वाटलं कारखान्यातली साफसफाई शिकवत असतील. तिला समजावून सांगताना मलाही ते नीट सांगता येत नव्हतं. कामाच्या जागी माणसाला आजारी पाडू शकेल असं जे जे असतं, धूळ, वाफा, आवाज, उष्णता, किरणं, ते आधी ओळखायचं, मग मोजायचं, आणि मग थांबवायचं. माणूस आजारी पडायच्या आत. डॉक्टरकडे माणूस आजारी होऊन येतो. आमचं काम त्याच्या आधीचं. आत्या म्हणाली, "मग तुमचं काम झालं की नाही, हे कळणार कसं?" या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे.

पहिल्या सत्रात धुळीपासून होणाऱ्या फुप्फुसांच्या आजारांवरची तासिका होती. पडद्यावर एक नाव आलं: बायसिनोसिस. कापूस, जवस, भांग यांच्या तंतूंच्या धुळीनं होणारा आजार. खाली लक्षणं: साप्ताहिक सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, श्वास अपुरा पडतो, त्रास कामावर गेल्यानंतर काही तासांनी सुरू होतो, सुरुवातीच्या वर्षांत आठवड्याच्या पुढच्या दिवसांत तो कमी होतो. सर पुढच्या पानावर गेले. मी तिथेच राहिले. कारण आजीच्या तोंडी एक शब्द होता, जो मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि ज्याचा मी कधी विचारच केला नव्हता. ‘सोमवारचं पाणी.’ ज्येष्ठमध, अडुळसा आणि आलं घालून उकळलेल्या पाण्याला ती सोमवारचं पाणी म्हणायची. मला वाटायचं, शंकराचा वार म्हणून.

संध्याकाळी वसतिगृहाच्या जिन्यात बसून मी तिला फोन लावला.

"आजी, आजोबांची छाती कधी धरायची गं?"

"कधी म्हणजे? सोमवारची."

"दर सोमवारी?"

"अगो, दर सोमवारी. रविवारी भजनाला बसत, वरच्या सुरात म्हणत, चाळ ऐकत राही. सोमवारी दुपारपाळी करून आले की तोंडातनं शब्द नाही. मी पाणी तयार ठेवायची. मंगळवारी जरा बरं, बुधवारी आणखी बरं. पुढंपुढं मग मंगळवारीपण धरायला लागली. मग रोजच."

ती हे सांगत होती आणि माझ्या वहीत तेच लिहिलेलं होतं, जवळजवळ त्याच क्रमानं. ब्रिटनमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांतल्या कामगारांचा अभ्यास करून रिचर्ड शिलिंग नावाच्या डॉक्टरांनी 1950 च्या दशकात या आजाराच्या पायऱ्या मांडल्या. पहिल्या दिवशी कधीमधी छाती आवळणं ही अर्धी पायरी. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी आवळणं ही पहिली. पहिल्या दिवसाबरोबर इतर दिवशीही, ही दुसरी. आणि फुप्फुसं कायमची अधू होणं, ही तिसरी. आजीनं फोनवर मला याच चढत्या पायऱ्या सांगितल्या होत्या. तिला हे चाळीस वर्षं माहीत होतं. फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट तिनं त्या दिवशी सांगितली. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. काही महिने वाट पाहून आजी-आजोबा संगमेश्वराकडच्या गावी गेले. घरात पैसा नव्हता, दोन वेळच्या भाकरीची विवंचना होती, आणि आजोबांचा खोकला मात्र कमी झाला होता. पावसाळ्यात त्यांनी नांगर धरला. गावात सगळे म्हणाले, गावचं पाणी मानवलं. आजीलाही तसंच वाटलं. पाणी कसलं मानवतंय! कार्डिंग खात्याची धूळ बंद झाली होती. पण हे त्यांना सांगणार कोण? तोपर्यंत त्यांची तीस वर्षं त्या धुळीत गेली होती. जेवढं परत येण्यासारखं होतं तेवढं आलं, बाकीचं गेलं ते गेलंच.

आजोबा कार्डिंग खात्यात होते. कार्ड म्हणजे एक मोठा लोखंडी रूळ, त्याच्यावर बारीक तारांचे दात. कापूस त्यातून विंचरला जातो, तंतू सरळ होतात आणि पेळू बाहेर पडतो. विंचरताना मागे राहिलेला कचरा त्या दातांमध्ये अडकतो, तो काढावा लागतो. त्याला स्ट्रिपिंग म्हणत, आणि जुन्या गिरणीत सगळ्यात जास्त धूळ याच कामात. कापसाच्या बोंडाभोवती जी पानं असतात, ती वाळून, चुरा होऊन रुईबरोबर गाठीत येतात. त्यांच्यावर जिवाणू वाढलेले असतात. त्या जिवाणूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन नावाचं विषारी द्रव्य श्वासनलिका आकसून टाकतं. आठवडाभर रोज तीच धूळ मिळत राहिली की शरीर काहीसं सरावतं. एक दिवस सुट्टी मिळाली की तो सराव सुटतो, आणि सोमवारी धुळीचा तडाखा पुन्हा पूर्ण जोरानं बसतो.

सोमवारनं आणखीही कामगारांची दुखणी उघडी पाडली आहेत. डायनामाइटच्या कारखान्यांत नायट्रोग्लिसरीन हाताळणाऱ्यांचं डोकं सोमवारी फुटायला यायचं, कारण रविवारी शरीराची सवय मोडायची. मग काही जण टोपीच्या पट्टीत थोडं नायट्रोग्लिसरीन लावून सुट्टीचा दिवस काढत, म्हणजे सोमवार सुसह्य व्हावा. हे वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून मी बराच वेळ बसून राहिले. विष थोडं थोडं घरी आणायचं, म्हणजे उद्या कामावर त्रास होणार नाही.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती 10 जून 1890 पासून, नारायण मेघाजी लोखंड्यांनी कामगारांना संघटित करून लढा दिला म्हणून. ही तारीख आम्ही शाळेत पाठ केली होती. पण त्या तारखेचा एक अर्थ मला वसतिगृहाच्या जिन्यात कळला. सुट्टीच नसेल तर सुट्टीनंतरचा पहिला दिवसही नसतो. सातही दिवस धुळीत काम करणाऱ्याची छाती रोज सारखीच जड राहणार. त्याला वाटणार की आपण असेच आहोत. लोखंड्यांच्या रविवारानं माणसाला भजनाला गळा मोकळा करून दिला, आणि त्याचबरोबर सोमवारचं दुखणं वेगळं काढून दाखवलं. दाखवलं खरं, पण बघितलं कुणी नाही.

या आजाराचा मला सगळ्यात जास्त छळणारा भाग पुढेच आहे. दगड-वाळूतल्या सिलिकाच्या धुळीनं होणारा सिलिकोसिस एक्स-रेमध्ये दिसतो, फुप्फुसांवर गाठी दिसतात. बायसिनोसिसला असं स्वतःचं काही चित्र नाही. एक्स-रे काढा, त्यात हा आजार आहे असं सांगणारी एकही खूण सापडत नाही. श्वासाची तपासणी करता येते, पण तीसुद्धा कोणत्या दिवशी, पाळीच्या आधी केली की नंतर, यावर सगळं अवलंबून. म्हणजे हा आजार ओळखायला आधी प्रश्नच विचारावा लागतो. कुठे काम करता? कोणत्या खात्यात? छाती कोणत्या दिवशी धरते? हे प्रश्न विचारले नाहीत तर समोर बसलेला माणूस फक्त दम्याचा रोगी असतो, आणि त्याच्या खिशात बिडी सापडली की चौकशी तिथेच संपते.

इटलीत मोदेना शहरात बर्नार्दिनो रामाझिनी नावाचे वैद्य होते. 1700 साली त्यांनी वेगवेगळ्या कामकऱ्यांच्या आजारांवर एक ग्रंथ छापला. त्याची सुरुवात कशी झाली ते त्यांनीच लिहून ठेवलं आहे. त्यांच्या घरची मैल्याची टाकी उपसायला माणूस आला होता. तो जिवाच्या आकांतानं घाई करत होता. रामाझिनींनी विचारलं, इतकी घाई का? तो म्हणाला, इथे चार तासांहून जास्त राहिलं की डोळे जातात. तिथून ते एकेका धंद्याकडे बघत गेले. जवस आणि भांगेचे तंतू विंचरणाऱ्यांना त्या धुळीनं खोकला आणि दमा लागतो, हेही त्यांनी नोंदवलं. आणि वैद्यांना सांगितलं की गरिबाच्या घरी गेलात तर तिपाईवर का होईना पण बसा, आणि नेहमीच्या प्रश्नांत एकाची भर घाला: तू काम काय करतोस? आम्हाला हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. सनावळीसारखं लिहून घेतलं मी ते. लालबागच्या दवाखान्यात आजोबा तीस वर्षं जात होते आणि गिरणी तिथून हाकेच्या अंतरावर होती, हे त्या वेळी डोक्यात आलं नाही.

अभ्यासाचं म्हणाल तर बराचसा काळ मोजण्यात जायचा. मोजणं हे मला मनापासून आवडतं. छातीवर कॉलरपाशी एक छोटी डबी लावायची, कमरेला पंप, मधे नळी. नाकातोंडाभोवतीच्या साधारण फूटभर परिसराला श्वासक्षेत्र म्हणतात. हवा तिथलीच घ्यायची, खोलीच्या कोपऱ्यातली नाही. कोपऱ्यातली हवा कोपरा घेतो, माणूस घेत नाही. डबीच्या तोंडाशी सायक्लोन असतो, तो जाड धूळ गोल फिरवून खाली पाडतो आणि फुप्फुसाच्या तळापर्यंत जाऊ शकणारी बारीक धूळच फिल्टरवर सोडतो. पंप मिनिटाला 1.7 लिटर हवा ओढतो. आठ तासांच्या पाळीत होते 816 लिटर. अमेरिकेनं 2016 साली कामाच्या जागच्या हवेतल्या बारीक सिलिकाची मर्यादा घनमीटरला 0.05 मिलिग्रॅम ठरवली. गणित केलं तर दिवसभरात फिल्टरवर फक्त 41 मायक्रोग्रॅम सिलिका जमली की मर्यादा गाठली. साखरेचा एक दाणा याच्या कितीतरी पट जड असतो. म्हणून फिल्टर आधी कोरड्या काचपात्रात ठेवायचा, चिमट्यानं उचलायचा, वजन करायचं, परत करायचं, आणि सोबत एक कोरा फिल्टर न्यायचा, जो हवा न ओढता नुसता जाऊन येतो. पंपाचा वेग आधीही तपासायचा, नंतरही. माझ्या हाताला घाम यायचा म्हणून मी वजन करताना श्वास रोखून धरायची.

एकदा आम्हाला गुजरातमधल्याच खंभातला नेलं होतं. तिथे अकीक नावाचा दगड घासून मणी करतात, पिढ्यान्‌पिढ्या, घराच्या ओसरीवर. अकीक म्हणजे सिलिकाच. विजेवर फिरणाऱ्या चाकावर दगड टेकवला की पांढरी धूळ उडते ती थेट तोंडावर, आणि मागे त्याच खोलीत पाळणा असतो. सिलिकोसिसवर औषध नाही. काम सोडलं तरी आजार पुढे सरकत राहू शकतो, वर क्षय जडायची भीती. आपल्या 1948 च्या फॅक्टरी कायद्यात सिलिकाची मर्यादा काढायचं सूत्र दिलेलं होतं, आम्ही ते तोंडपाठ म्हणायचो. पण विजेवर चालणारी जागा कारखाना ठरायला त्या कायद्यानुसार तिथे किमान दहा कामगार लागत, आणि त्या ओसरीवर नवरा-बायको दोघंच होते. त्या कायद्याच्या जागी आलेल्या 2020 च्या कामगार संहितेत तर हा आकडा विजेसह वीस आणि विजेशिवाय चाळीस झाला. सूत्र वहीत राहिलं. परत येताना बसमध्ये कुणी फारसं बोललं नाही.

दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी विषय निवडायचा होता. मी एकच विषय लिहून दिला. कोल्हापूरकडच्या एका सूतगिरणीनं परवानगी दिली, आणि जानेवारीत मी प्रश्नावलीचा गठ्ठा घेऊन तिथे पोचले.

आता माझी चूक सांगते. प्रश्नावली इंग्रजीत होती, जगभर वापरलेली, तपासलेली. तिचं मराठी मी केलं. पहिला महत्त्वाचा प्रश्न मी लिहिला होता: ‘सोमवारी आपणांस छातीत घट्टपणा जाणवतो काय?’ रिंग फ्रेमवर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावर, आणि कार्डिंगला बऱ्याच बायका होत्या. तीन दिवस मी जेवणाच्या सुट्टीत त्यांना गाठून विचारत होते. नाही. नाही. नाही. सगळे रकाने नाहीनं भरले. मला बरं वाटायला हवं होतं, नवी यंत्रं आहेत, धूळ ओढून घेणारी व्यवस्था आहे, कदाचित इथे आजार नसेलच. पण त्यांचा खोकला मला ऐकू येत होता.

चौथ्या दिवशी कार्डिंगच्या एका बाईंनी डबा बांधता बांधता मला विचारलं, "मॅडम, घट्टपणा म्हंजे काय वो? ब्लाउज घट्ट हुतोय तसं?"

मी म्हटलं, "म्हणजे श्वास घेताना... छाती धरते का?"

"आत्ता! छाती धरती म्हणा की. धरती की. सुट्टी करून आलं की पहिल्या दिशी लई धरती."

"सोमवारी?"

"सोमवारी कशाला? माझी सुट्टी गुरुवारी. शुक्रवारी धरती."

दोन वाक्यांत माझे तीन दिवस गेले. गिरणी आठवडाभर चोवीस तास चालत होती, सुट्ट्या पाळीपाळीनं होत्या. कुणाची मंगळवारी, कुणाची गुरुवारी. माझा सोमवार लँकेशायरचा होता, फार तर लालबागचा. इथे प्रत्येकीचा सोमवार वेगळा होता. आणि ‘घट्टपणा’ हा शब्द मी कोशातून आणला होता, जेव्हा खरा शब्द माझ्या आजीनं मला फोनवर दिलेला होता. तो मला शास्त्रीय वाटला नव्हता. याची मला आजही खंत वाटते.

त्या रात्री मी सगळी प्रश्नावली पुन्हा लिहिली. छाती धरते का? दम कोंडतो का? सुट्टी करून कामावर आल्यावर पहिल्या दिवशी? किती वाजता सुरू होतं? दुसऱ्या दिवशी उतरतं की तसंच राहतं? आणि पुन्हा पहिल्या बाईपासून सुरुवात केली. या वेळी रकाने तसे राहिले नाहीत. काही जणींना खरंच त्रास नव्हता. काही जणी मात्र बोलायला लागल्या की थांबत नव्हत्या. कुणी सांगितलं की पहिल्या रात्री आडवं होता येत नाही, उशा लावून बसते. कुणी सांगितलं की नवऱ्याला वाटतं कामावर जायचा कंटाळा म्हणून नाटक करते.

मग फुंकायची तपासणी. नाकाला चिमटा, तोंडात नळी, पूर्ण श्वास भरून घ्यायचा आणि असेल नसेल तेवढ्या जोरानं बाहेर टाकायचा. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, तो आकडा महत्त्वाचा. तोच माणूस, तोच दिवस, पाळीच्या आधी एकदा, पाळी संपल्यावर एकदा. अमेरिकेचा 1978 चा कापूसधुळीचा नियम सांगतो की कामाच्या पहिल्या दिवशी हा आकडा 5 टक्के किंवा 200 मिलिलिटरनं घसरला तर त्या कामगाराकडे जास्त लक्ष द्यायला हवं. पण पुरुष मुकादम उभा असताना बायका जोरानं फुंकत नव्हत्या. लाजत, पदर तोंडाला लावत, अर्धवट सोडून देत. तो अर्धवट आकडा लिहिला असता तर सगळ्याच आजारी ठरल्या असत्या. शेवटी पाळणाघराची बंद खोली उघडून घेतली, आतली खोकी बाहेर काढली आणि दार लोटून घेतलं. मग मीच ओरडायची, "फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, अजून!" आणि बाहेर रांगेत बसलेल्याही आतल्या बाईला ओरडून जोर द्यायच्या. ज्या बाईंनी मला शब्द दिला होता, त्यांचा शुक्रवार गाठायला मी मुक्काम एक दिवसानं वाढवला. सकाळी त्यांनी रेषा चांगली उंच नेली. दुपारी पाळी सुटल्यावर तीच रेषा लवकर वळून खाली आली. त्या कागदाकडे बघत म्हणाल्या, "हे माझंच हाय? मग हे डाक्टरला दाखवायचं का?" मी त्यांना त्याची प्रत काढून दिली. बिडी त्यांनी जन्मात ओढली नव्हती.

धूळ कुठून येते, हे शोधायला मी दोन पाळ्या नुसती उभी राहून बघत होते. कापसाच्या धुळीसाठी वेगळं यंत्र असतं, पत्र्याचं उभं नळकांडं, मिनिटाला 7.4 लिटर हवा खालून वर ओढणारं. जड पिंज, म्हणजे कापसाचे उडते तंतू, त्यात वर चढूच शकत नाही, हलकी बारीक धूळ तेवढी फिल्टरवर पोचते. दिसतं ते सगळं नाकातच अडकतं. छातीत उतरतं ते डोळ्यांना दिसत नाही. आजी आजोबांचा सदरा गॅलरीच्या कठड्यावर झटकायची तेव्हा कापूस उडायचा, त्याची भीती कधी कुणाला वाटली नाही, आणि त्या कापसाची भीती बाळगायचं कारणही फारसं नव्हतं. कारण होतं ते त्याच्या आडून येणाऱ्या धुळीचं.

सूतगिरणीत पाळी सुटायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं मशिनं साफ करायची वेळ असायची. भिंतीवरच्या नळाला लावलेला हवेचा पाइप घ्यायचा आणि दाबाच्या झोतानं मशिनवरची पिंज उडवायची. मग तोच पाइप एकमेकींच्या पाठीवर, केसांवर, साडीच्या निऱ्यांवर मारायचा, म्हणजे बसमध्ये कुणी नाक मुरडू नये. दिवसभर धूळ ओढून घेणारी लाखो रुपयांची यंत्रणा एका बाजूला, आणि दिवसभर खाली बसलेली धूळ पंधरा मिनिटांत पुन्हा प्रत्येकीच्या नाकासमोर आणणारा हा पाइप दुसऱ्या बाजूला. अमेरिकेच्या त्या नियमात कपड्यांवर आणि फरशीवर हवेचा झोत मारायला साफ मनाई आहे. आमच्या शास्त्रात उपायांचा एक क्रम असतो: धोका मुळातूनच काढता येतो का बघा, नाहीतर त्याऐवजी कमी धोक्याचं काही वापरा, नाहीतर यंत्रानं अडवा, मग कामाची पद्धत बदला, आणि यातलं काहीच पुरलं नाही तर सर्वांत शेवटी मास्क. प्रत्यक्षात जिथे जाईन तिथे लोक शेवटून सुरुवात करतात. मास्क वाटला, फोटो काढला, झालं. या गिरणीतही बायकांना कापडी पट्ट्या दिल्या होत्या. कापडानं पिंज अडते. बारीक धूळ त्याच्या विणीतून खुशाल जाते, आणि वर बाईलाच ऐकावं लागतं की पट्टी नीट लावत नाहीस म्हणून खोकला होतो. आजोबांची बिडी तशी हिची पट्टी.

मी अहवालात पहिली शिफारस लिहिली: हवेचा पाइप बंद करा, धूळ ओढून घेणारं व्हॅक्यूम आणा. दुसरी: सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळीच्या आधी आणि नंतर श्वासतपासणी. तिसरी, हा आजार कामगारांना भरपाई देणाऱ्या, तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या कायद्याच्या अनुसूचीत आहे, हे कामगारांना त्यांच्या भाषेत सांगा. व्यवस्थापकांनी अहवाल घेतला, चहा दिला. काही महिन्यांनी कार्डिंगच्या त्या बाईंचा फोन आला. पाइपला कुलूप लागलं होतं. व्हॅक्यूम आला नव्हता. आता झाडूनं झाडायला लावतात म्हणाल्या, आणि कोरड्या झाडूनं धूळ उडतेच. मी त्यांना पाणी शिंपडून झाडायला सांगणार होते, पण सुताजवळ ते कुणी करू देणार नाही, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. मी व्यवस्थापकांना पुन्हा पत्र लिहिलं. नंतर आणखी एक.

प्रबंध जमा केल्यावर मुंबईला गेले. पूर्व द्रुतगती मार्गानं येताना शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेवरून गाडी जाते. शाळेत असताना त्या इमारतीसमोरून मी कितीदा गेले असेन, आत याच विषयाचं काम चालतं हे माहीत नव्हतं. आजी आता काकांकडे राहते. तिच्यासाठी मी एक कोरी प्रश्नावली नेली होती, नवी, तिच्या शब्दांतली.

"आजी, मी आजोबांबद्दल विचारते, तू सांग."

ती मांडी घालून बसली. किती वर्षं काम? तिनं मुलांच्या जन्मांवरून मोजलं. कोणत्या खात्यात? कार्डिंग. छाती धरायची का? पहिल्या दिवशीच की रोज? रोज कधीपासून? धाकटा पोटात होता तेव्हापासून. बिडी? किती, कधी सोडली? सुट्टीत बरं वाटायचं का? इथे ती थोडी थांबली आणि भजनाचं पुन्हा सांगितलं, कोणता अभंग, कोण पेटीवर. मी तेही समासात लिहून घेतलं. तपासणी करायला आजोबा नव्हते, म्हणून तो रकाना रिकामा राहिला. पायरीच्या रकान्यात मी तीन लिहिलं.

तिनं कागद मागितला, चष्मा लावला, वरपासून बोट फिरवत बघितला.

"ह्यांचं नाव कुठाय?"

मी सांगितलं की या कागदावर नाव लिहीत नाहीत, कुणाला त्रास होऊ नये म्हणून. प्रत्येकाला फक्त एक नंबर देतात.

"मग नंबर घाल की," ती म्हणाली, आणि न अडखळता चार आकडे सांगितले. आजोबांचा गिरणीतला तिकीट नंबर होता तो. मी वर उजव्या कोपऱ्यात, क्रमांकाच्या चौकटीत, तो लिहिला.